यंत्रावरचं शून्य

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज अपूर्वा नावाची मुलगी आमच्या विभागात स्वतः तयार केलेलं एक यंत्र ठेवून गेली. मिक्सरच्या भांड्याएवढं, पांढरं, वर झाकण. तीन महिने वापरायचं आणि रोजच्या नोंदी तिच्या वहीत लिहायच्या. तिच्या वहीत मनातलं लिहायला जागा नाही, म्हणून औषधकंपनीच्या माणसाने दिलेली ही डायरी उघडली. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मे महिन्यात निवृत्त होणार, आणि लिहायची हौस आता आली!

कुणी वाचणार नाही, तरी नीट सांगायची सवय जात नाही. परळच्या आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतात, आणि मी तिथली इनचार्ज. वाफ आत नीट पोचली की नाही हे बघायला प्रत्येक खेपेत एक इवलीशी बाटली ठेवतो. तिच्यात मुद्दाम घातलेले स्पोअर असतात, म्हणजे जंतूंची झोपलेली बीजं. जगातली सगळ्यात चिवट जात. वाफेने ती मेली तर बाकी सगळं मेलं. नंतर बाटली अठ्ठेचाळीस तास उबेत ठेवायची. जांभळी राहिली तर पास, पिवळी झाली तर नापास.

अपूर्वाचं यंत्र हेच तासाभरात सांगणार. ती म्हणाली, "लतिका मॅडम, झोपलेल्या बीजाणूत इंधन जवळजवळ नसतंच. म्हणून आधी त्याला खाऊ घालून जागं करायचं. जिवंत असेल तर जागा होतो, इंधन तयार करतो. मग या बाटलीतला थेंब टाकायचा. यात काजव्याच्या अंगात असतं ते द्रव्य आहे. इंधन भेटलं की उजेड पडतो."

मी झाकणाला डोळा लावून बसले. ती हसायला लागली. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही म्हणे, यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं. शून्याच्या आसपास म्हणजे सगळे मेले.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी पहिलं काम म्हणजे वाफ न दिलेली बाटली यंत्रात घालायची. तिच्यातले स्पोअर जिवंतच, तेव्हा आकडा मोठा यायलाच हवा. आज आला ४२१०. वाफ दिलेल्या खेपांचा आकडा ०, ०, ३, ०. धनेश टाळ्या पिटत होता. धनेश आमचा कंत्राटी कामगार, नायगावचा. हत्यारांचे सेट बांधतो, गाडीवर चढवतो आणि दिवसभर बडबडतो. म्हणाला, "ताई, आता दोन दिवस वाट बघायचा लोच्याच खतम."

मी त्याला दटावलं. तीन महिने जुनी बाटलीही ठेवायची आणि जुन्या बाटलीचंच खरं मानायचं, असं ठरलंय.

१५ जानेवारी, बुधवार

काजव्याची बाटली फ्रीजमध्ये ठेवतो. वापरण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढून तिची थंडी मोडायची. पण आमच्या स्वच्छ खोलीतला एसी असा, की तिथे आईस्क्रीमसुद्धा विरघळणार नाही. आज थिएटरमधून तीन फोन आले, मी कुठवर थांबू? बाटली नेऊन ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या मशीनच्या, गरम माथ्यावर, जेवणाच्या डब्यांच्या रांगेत ठेवली. दहा मिनिटांत काम झालं.

हे लवूदादांनी शिकवलेलं. मी नोकरीला लागले तेव्हा ते इथे ऑटोक्लेव्ह चालवायचे. पहिल्याच दिवशी माझा पोळीभाजीचा डबा उचलून मशीनच्या माथ्यावर ठेवला आणि म्हणाले, "गार जेवान पोटाक बाधता गो." तेव्हापासून सगळ्यांचे डबे तिथेच. काल मी लोअर परळला त्यांच्याकडे तिळगूळ द्यायला गेले होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी पहिला प्रश्न तोच, "मशीन कसा चलता?" मी नव्या यंत्राचं सांगितलं. काजव्याचं ऐकून त्यांच्या बायकोला, मीरावहिनींना, कोण आनंद! दादा मात्र म्हणाले, "जुनी बाटली सोडू नको."

वय झालं की माणूस जुन्याला चिकटून बसतो. माझंही उद्या तसंच होणार.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळच्या जिवंत बाटलीचा आकडा २६००. खेपा सगळ्या शून्य, जुन्या बाटल्याही सगळ्या जांभळ्या. यंत्र आणि बाटली यांचं रोज एकमत. अपूर्वाला फोनवर सांगितलं तर ती खूश झाली. २६०० चं सांगायचं राहिलं. सोमवारी जास्त असतो, मंगळवारी कमी, असं काहीसं असेल.

३० जानेवारी, गुरुवार

आज ११५०. नवीन होतं तेव्हा यंत्र जोरात होतं, आता रुळलं असावं. जिवंत बाटल्या चाळीसच दिल्यात आणि तीन महिने पुरवायच्या आहेत. खेपांचं तर बरोबरच येतंय, मग रोज एक बाटली कशाला वाया घालवायची? उद्यापासून ही तपासणी बंद, अधूनमधून करू. खेपा आजही सगळ्या शून्य. वॉर्डाच्या मेट्रन खाली येऊन बघून गेल्या. "लतिका, तू तर सायंटिस्ट झालीस," म्हणाल्या. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

लवूदादा पडले. चाळीच्या जिन्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दुपारी आमच्याच हॉस्पिटलात आणलं. स्ट्रेचरवरून मला बघून हसले आणि म्हणाले, "बघ, रिटायर झालंय तरी कामावर इलंय." पण कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या लग्नाचं जमेना तेव्हा, आई गेली तेव्हा, हा माणूस माझ्याशेजारी न बोलता बसून राहिला होता. मला सख्खा भाऊ नाही. असता तरी तो यांच्याहून मोठा ठरला नसता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हाडात बसवायच्या पट्टीचा सेट बाहेरून भाड्याने येतो. तो काल यायचा, आज संध्याकाळी पाचला आला. धनेशने बांधलेली लोखंडाची पेटी त्याला आणि मला मिळून उचलवेना. सातला खेप बाहेर काढली.

नियम साधा आहे. शरीरात कायमची राहणारी वस्तू असेल, तर जुन्या बाटलीचा अठ्ठेचाळीस तासांचा निकाल बघितल्याशिवाय सेट सोडायचा नाही. म्हणजे रविवारी संध्याकाळी सात. ऑपरेशन उद्या अकराला लावलंय. उद्याचं चुकलं तर पुढची तारीख बुधवारची. आणखी चार दिवस ते तसेच पडून राहणार. सर्जन म्हणाले, "तुम्ही स्लिपवर सही करा, मी घेतो. नाहीतर बुधवार."

यंत्रात बघितलं. शून्य. धनेशला सांगून परत बघितलं. शून्य.

८ फेब्रुवारी, शनिवार

सही केली. स्लिपवर छापलेलं असतं, 'अठ्ठेचाळीस तासांचा निकाल पाहिला, समाधानकारक.' त्याच्या खाली.

थिएटरात नेण्याआधी भेटायला गेले. दादांनी माझा हात धरून विचारलं, "बाटली बघितलंस?" मी म्हटलं, "बघितली दादा, जांभळी आहे." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग म्हणाले, "बरा तर मगे."

ऑपरेशन छान झालं. दीड तासात बाहेर. संध्याकाळी पेज घेतली. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि मला त्याचं काही वाटत नाही. चार दिवसांचं दुखणं वाचवलं मी त्यांचं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल सुट्टी होती. आज आल्या आल्या बाटल्या बघितल्या. शुक्रवारच्या त्या खेपेची बाटली पिवळी.

उजेडात धरून पुन्हा बघितली. मग डोकं चालवलं. यंत्राने दोनदा शून्य दाखवलंय. पाच आठवड्यांत त्याचं आणि बाटलीचं एकदाही वाकडं आलेलं नाही. आणि कंपनीच्या बाटल्या खराब निघतात, हे पूर्वी झालेलं आहे. खात्रीसाठी त्याच मशीनची आजची खेप यंत्रात बघितली, शून्य. म्हणजे मशीन ठीक. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बाटली सदोष.'

मग वर जाऊन दादांना पेज भरवली. मीरावहिनी घरी आंघोळीला गेल्या होत्या. दादा चार घास जास्त जेवले. कपाळाला हात लावून बघितला, गार होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारच्या खेपेची बाटली जांभळी. म्हणजे शुक्रवारची ती बाटली सदोषच होती. हायसं वाटलं.

दादांना कालपासून ताप आहे. ऑपरेशननंतर येतो. मीरावहिनी त्यांच्या पायाशी बसून असतात, त्यांना म्हटलं, घाबरू नका.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जखम उघडावी लागली. मांडी सुजून काळीनिळी झालीय, दाबली की आत कुरकुर वाजते. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ऑक्सिजन नसतो तिथे वाढणारा जंतू आहे, स्पोअर करणारा. "दोन-तीन दिवस आधी कळलं असतं तर औषध लागू पडलं असतं. कुठून आला कोण जाणे."

मी खाली येऊन रजिस्टर उघडलं आणि परत मिटलं. दादांना साखर आहे, वय त्र्याहत्तर, जिन्यात पडले तेव्हा धूळ लागलीच असणार. कुठूनही येऊ शकतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लवूदादा गेले.

मी पोचले तेव्हा मीरावहिनी त्यांचा चष्मा पदराने पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "लतिका, इलंस? ह्येंचा ह्या सगळा सामान खय ठेवू गो?"

आज यापुढे लिहिता येणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी समिती बसली. पिवळ्या बाटलीची नोंद त्यांच्या नजरेस आली. पेटी कुणी बांधली? धनेशने. नियमापेक्षा जड होती, आतल्या तबकांवर कापडाची घडी दुप्पट, वाफ मध्यापर्यंत पोचली नसणार. धनेशने कबूल केलं, घाई होती म्हणून दोन पेट्यांचं एकीत बांधलं. त्याला कामावरून काढलं.

मला विचारलं, "यंत्र काय म्हणत होतं?" मी म्हटलं, शून्य. वहीत तसंच होतं. "मग बाटली सदोष वाटणं साहजिक आहे," असं कुणीतरी म्हणालं. शनिवारच्या सहीचे तास कुणी मोजले नाहीत.

जाताना धनेश म्हणाला, "ताई, तुम्ही होतात ना तिथे. तुम्हीच म्हणालात ना, होऊ दे, जाऊ दे आत." मी म्हणाले होते. तेव्हा लवूदादांचं कण्हणं माझ्या कानात होतं. समितीपुढे त्याने हे सांगितलं नाही आणि मीही नाही.

त्याचा राग येतो. दोन पेट्या एकीत कोण बांधतं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

अपूर्वा आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, माझ्या यंत्राने मरणाऱ्या माणसाच्या सेटला शून्य दाखवलं, का ते कळल्याशिवाय मला झोप येणार नाही. वही चाळली. रोजच्या जिवंत बाटलीच्या आकड्यांवर बोट ठेवत गेली. ४२१०, ३९००, मग २६००, ११५०, त्यानंतर कोरं.

"ही तपासणी बंद का केली?"

मी सांगितलं.

"आता करू या." तिने जिवंत बाटली घेतली. मी फ्रीजमधून काजव्याची बाटली काढली आणि नेहमीसारखी नेऊन ऑटोक्लेव्हच्या माथ्यावर, डब्यांशेजारी ठेवली. मागे वळून बघितलं तर अपूर्वा जागच्या जागी उभी होती.

"मॅडम, तुम्ही ही रोज तिथे ठेवता?"

"थंडी मोडायला. तूच सांगितलंस."

तिने बाटली खाली घेतली आणि थेंब टाकला. जिवंत बाटलीचा आकडा आला ६. लाखो जिवंत स्पोअर आणि सहा. मग तिने पिशवीतून नवी, सीलबंद बाटली काढली, टेबलावर वीस मिनिटं ठेवली आणि तीच तपासणी केली. ४१७०.

हे द्रव्य उष्णतेने मरतं. हाताला नुसतं कोमट लागेल एवढीही नको. जानेवारीपासून मी रोज सकाळी त्याला थोडं थोडं मारत आले आणि ते मेल्यावर त्याला विचारत होते, कुणी जिवंत आहे का. ते सांगत होतं, कुणी नाही.

अपूर्वा म्हणाली, "माझी चूक आहे. मी लेबलवर लिहायला हवं होतं." पोर रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं नाही. मी डोळ्यांपुढे शुक्रवारच्या खेपेची ती पिवळी बाटली बघत होते. ती एकटी खरं बोलत होती आणि मी तिला सदोष म्हटलं. त्या सकाळी मी वर जाऊन एक वाक्य बोलले असते तर औषध सोमवारीच सुरू झालं असतं. मी वर गेले होते. पेज भरवून आले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना पत्र दिलं. काजव्याची बाटली मी गरम जागी ठेवली, जिवंत तपासणी मी बंद केली, पिवळा निकाल मी सदोष ठरवला, पेटी माझ्या परवानगीने आत गेली, धनेशला परत घ्यावं. चार मुद्दे. सगळं खरं.

शनिवारच्या सहीचं लिहिलं नाही. ते यंत्राच्या चुकीतच आलं, असं मनाला समजावलं. यंत्र बरोबर असतं तर मी सही केलीच नसती ना. धनेश परवा कामावर येतोय. मे महिन्यापर्यंत मला ठेवतील की नाही, माहीत नाही. त्याचं फारसं वाटत नाही.

१ मार्च, शनिवार

लवूदादांचं तेरावं. लोअर परळच्या त्यांच्या खोलीत मावत नव्हती एवढी माणसं आली होती, निम्मी आमच्या हॉस्पिटलातली. सगळी उठून गेल्यावर मी आणि मीरावहिनी उरलो. वहिनींनी ताटं घासायला घेतली, मी विसळायला बसले. तिथेच सांगितलं. डबे, काजव्याची बाटली, पिवळी बाटली, सगळं. सांगताना ताट खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर बोलता आलं नसतं.

वहिनी घासतच होत्या. मग म्हणाल्या, "आणि शनवारची सही?"

मला वाटलं, माझ्या कानांनाच भास झाला.

"ह्येंका ठाव होता," त्या म्हणाल्या. "सेट शुक्रवारी सांजेक इलो, ता वॉर्डबॉयान सांगितल्यान. तू बघान गेलंस आणि ह्येनी बोटांवर मोजल्यानी. शुक्रवार सांज, शनवार सांज, आयतवार सांज. माका म्हणाले, लतिका खोटा बोलता. एकतीस वर्सांत पयलांदा. माझ्यासाठी बोलता."

मी विचारलं, मग थांबले का नाहीत?

"मीय म्हटलंय, मगे रवा चार दिस. दुखणा काय, सोसतास तां. तर म्हणाले, मी आता रवलंय तर सगळे इचारतले कित्याक. तिची सही खोटी ठरतली. तीन महिने ऱ्हवलेत तिचे, बदनाम होतली. जाव दे माका आत."

नळ चालू होता, तो वहिनींनी बंद केला. रागावल्या नव्हत्या, किंवा असतील तरी मला कळलं नाही. म्हणाल्या, "ह्या मी तुका सांगूचा नाय म्हणान ठरवलेला. पण तू सगळा सांगलंस आणि ताच तेवढा ठेवलंस. म्हणान सांगलंय. आता घराक जा गो. आणि लगेच येव नको. मी बोलावतंय तेव्हा ये."

बस धरून फणसवाडीला घरी आले. दुसरं पत्र लिहून ठेवलंय. त्यात एकच ओळ आहे, की शनिवारी निकाल झालेला नव्हता, हे मला माहीत होतं आणि तरी मी सही केली. सोमवारी देईन. त्याने आता काही बदलत नाही. धनेश आधीच परत आलाय, दादा येणार नाहीत.

लवूदादा, तुम्ही थांबायला हवं होतं हो. ठरू द्यायची होती माझी सही खोटी.